प्रश्न वाचकांचे: श्रीमंतांच्या कॅम्पसवर आपलं मूल

बारावीनंतर थेट अमेरिकेत पदवीला जाणाऱ्या मुलांबद्दल या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एसएटीच्या गुणांपेक्षा आता वेगळीच काळजी दिसते. आयव्ही लीग (अमेरिकेतल्या आठ जुन्या खासगी विद्यापीठांचा गट) किंवा तशा कॉलेजात पिढीजात श्रीमंत घरांतली मुलं असणार, त्यांच्यात आपलं मूल निभावेल का आणि नक्की किती पैसे लागतील? या वेळी तीच पत्रं एकत्र घेतली आहेत. लांब पत्रं थोडक्यात दिली आहेत.

नाशिकहून एक पालक: मुलगा हल्ली सारखं ‘प्रेपी’ म्हणत असतो. ही फॅशन आहे की तिथली एक जातच? प्रवेशाशी याचा काही संबंध असतो का?

उत्तर: सुरुवात शाळेपासून झाली, कपडे मागाहून आले. न्यू इंग्लंड या अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या खासगी निवासी शाळा मुलांना कॉलेजसाठी तयार करत, म्हणून त्या ‘प्रेप स्कूल’ आणि तिथलं पोरगं ‘प्रेपी’. फिलिप्स अँडोव्हर १७७८ची, फिलिप्स एक्झेटर १७८१ची, ग्रोटन १८८४ची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा शाळांमधून हार्वर्ड, येल किंवा प्रिन्स्टनला जाणं जवळजवळ ठरलेलंच असे. हेडमास्तरांचा शब्द आणि घराण्याचं नाव पुरेसं होई. आता तसं राहिलेलं नाही. अँडोव्हर जवळजवळ निम्म्या मुलांना फीमध्ये मदत देतं. पण उरलेल्यांपैकी वसतिगृहात राहणारी मुलं वर्षाला ७० हजार डॉलरच्या पुढे शुल्क भरून शिकतात, हेही लक्षात ठेवा.

कपड्यांची गंमत अशी की त्यातला बराचसा माल कामाचा किंवा खेळाचा होता. टोकांना बटणं असलेल्या कॉलरचा शर्ट ब्रूक्स ब्रदर्सने १८९६मध्ये इंग्लंडच्या पोलो खेळाडूंकडून उचलला. एल. एल. बीनचे रबरी तळाचे बूट १९१२चे, शिकाऱ्यांसाठी. स्पेरीचे डेक शूज १९३५चे, ओल्या होडीवर पाय घसरू नये म्हणून. चौकड्यांचं मद्रास कापड तर आपल्याकडूनच गेलं. १९५८च्या सुमारास तिथे पोहोचलेल्या मद्रासचा रंग धुण्यात जायचा. गिऱ्हाइकांनी बोंब मारली, तेव्हा रंग जाणं हाच या कापडाचा अस्सलपणा अशी जाहिरात झाली आणि माल खपला. तो पुरवणारे कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर, ज्यांनी पुढे मुंबईत सहारला ‘लीला’ हॉटेल काढलं. येल विद्यापीठाचं नावही मद्रासच्या पैशाशी जोडलेलं आहे. फोर्ट सेंट जॉर्जचे माजी गव्हर्नर एलिहू येल यांनी १७१८मध्ये पाठवलेल्या मालाच्या गाठी विकून सुमारे ५६२ पौंड आले आणि कॉलेजला त्यांचं नाव मिळालं.

आज हे कपडे कुणीही विकत घेतो. १९६७मध्ये ‘पोलो’ सुरू करून हा थाट जगभर विकणारे राल्फ लॉरेन ब्राँक्समधल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबातले. त्यामुळे घोड्याचं चित्र असलेल्या शर्टावरून माणसाची ऐपत ओळखायला जाल तर फसाल. जुना पैसा बऱ्याचदा कॉलर विरलेल्या शर्टात आणि टाचा झिजलेल्या बुटांत फिरतो. ऐपत कळते ती वेगळ्या गोष्टींवरून: उन्हाळा कुठे घालवला, कोणता खेळ खेळतो, बिनपगारी इंटर्नशिप घेणं परवडतं का, प्रोफेसरकडे मुदतवाढ मागताना जीभ अडखळते का.

प्रवेशाशी कपड्यांचा संबंध शून्य. शाळेचा आणि पैशाचा आहे, आणि तो मोजलेला आहे. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवलं की अमेरिकेतल्या ३८ कॉलेजांत सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं खालच्या ६० टक्के घरांतल्या मुलांपेक्षा जास्त होती. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत हे प्रमाण २१.७ टक्के विरुद्ध ६.१ टक्के निघालं. त्या ३८मध्ये आयव्ही लीगची पाच होती.

कोल्हापूरहून एक आई: मुलगी न्यू हॅम्पशायरला चालली आहे. कपड्यांवर किती खर्च करावा? इथून काय शिवून न्यावं?

उत्तर: थंडीचे कपडे इथून अजिबात घेऊ नका. आपल्या दुकानांतलं जॅकेट महाबळेश्वर-मनालीच्या हिशेबाने बनवलेलं असतं, आणि न्यू हॅम्पशायरमध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे १० ते १५च्या आसपास सहज जातो. कोट तिथे ऑक्टोबरात घ्यावा: कमरेच्या खाली येणारा, टोपी जोडलेली, बाहेरून पाणी न शोषणारा. हजार डॉलरचा ब्रँडेड कोट गरजेचा नाही. कॉलेजच्या गावातल्या थ्रिफ्ट (जुन्या वस्तूंच्या) दुकानांत चांगले जुने कोट मिळतात. मे महिन्यात वसतिगृह रिकामं करताना श्रीमंत मुलं धड वस्तू टाकून जातात आणि बरीच कॉलेजं त्या गोळा करून ऑगस्टमध्ये नव्या मुलांना फुकट किंवा नाममात्र दरात देतात. कमी उत्पन्नाच्या मुलांसाठी कोटाचा वेगळा निधीही अनेक ठिकाणी असतो. हार्वर्ड आणि येल तर अशा मुलांना पहिल्या वर्षी २ हजार डॉलरचं स्टार्ट-अप अनुदान देतात. आर्थिक मदत कार्यालयाला जुलैतच मेल करून विचारा. न विचारणाऱ्याला बरेचदा कुणी सांगत नाही.

इथून न्यायचं ते एवढंच: थर्मलचे दोन जोड, लोकर मिसळलेले मोजे चार जोड (सुती मोजे ओले झाले की पाय गारठतात) आणि औपचारिक पोशाख. तो मात्र इथेच शिवा, कारण कोल्हापुरातला चांगला शिंपी तिथल्या रेडीमेड सुटापेक्षा अंगाला नीट बसवून देईल. मुलीला गडद निळा ब्लेझर, त्याच कापडाची एक पँट, एक करडी पँट, दोन साधे शर्ट. कापड चकचकीत नको. लोकरीचं किंवा लोकरमिश्रित, मॅट. खांद्यात जाड पॅड घालू देऊ नका. रेडीमेड घेतलंत तर बाहीवर शिवलेलं कंपनीचं लेबल आणि मागच्या फाकेवरचा फुलीचा टाका उसवायचाच. आपल्याकडे तो तसाच राहतो आणि पहिल्याच मुलाखतीला नवखेपणा उघडा पडतो. मुलगा असेल तर ब्लेझरचं सर्वांत खालचं बटण कधीच लावायचं नाही.

निमंत्रणावर ‘ब्लॅक टाय’, म्हणजे संध्याकाळचा औपचारिक पोशाख, लिहिलं असेल तेव्हा साडी चालते, मुलांना बंद गळाही चालतो. त्यासाठी वेगळा गाऊन किंवा टक्सिडो घेऊ नका. मुलाखतीपुरता सूट कॉलेजचं करिअर सेंटर उसना देतं, हेही बहुतेक मुलांना तिसऱ्या वर्षी कळतं. शेवटचं, तिथल्या ड्रायरमध्ये लोकर आणि चांगलं सुती कापड आटतं. ब्लेझर ड्रायरमध्ये गेला की संपला.

सांगलीहून एक वाचक: मी सहकारी बँकेत आहे, वर्षाला १४ लाख मिळतात. तीन एकर शेती, ती भावांत सामाईक. मुलाला हार्वर्डसारख्या ठिकाणी अर्ज करायचा आहे. एजंट म्हणतो, मदत मागितली तर प्रवेश मिळत नाही. खरं आहे का?

उत्तर: तुमच्या एजंटचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं तुम्हाला महागात पडेल.

परदेशी मुलांच्या बाबतीत कॉलेजांचे दोन गट करा. पहिल्या गटात अर्ज वाचताना पैशाची गरज बघतच नाहीत, आणि प्रवेश दिला तर गरज पूर्ण भागवतात. हा गट छोटा आहे: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, अ‍ॅमहर्स्ट, बोडन, आणि अलीकडे नोटर डेम व वॉशिंग्टन अँड ली. इथे मदत मागितल्याने काही बिघडत नाही. बाकी जवळजवळ सगळी दुसऱ्या गटात. तिथे तुम्ही किती मागता हे प्रवेश देताना पाहिलं जातं आणि एजंटचं म्हणणं लागू पडतं. पण त्यावर त्यांचा उपाय, म्हणजे आत्ता मागू नका, प्रवेश मिळाल्यावर मागू, हा सर्वांत वाईट सल्ला आहे. बऱ्याच कॉलेजांचा नियमच आहे की परदेशी विद्यार्थ्याने अर्जासोबत मदत मागितली नसेल तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. पहिल्या वर्षी कर्ज काढून गेलेली मुलं दुसऱ्या वर्षी परत येतात, त्याचं हे मोठं कारण.

आता तुमचा हिशेब. अशा खासगी कॉलेजांचा राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च ८५ ते ९५ हजार डॉलर आहे. हार्वर्डने २०२५-२६पासून असं ठरवलं आहे की वर्षाला १ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि नेहमीइतकीच मालमत्ता असलेल्या घरांकडून काहीही घ्यायचं नाही, आणि २ लाख डॉलरपर्यंत ट्यूशन (शिकवण्याची फी) घ्यायची नाही. नियम परदेशी मुलांनाही तोच. तुमचे १४ लाख म्हणजे साधारण १६ हजार डॉलर. तुमच्यासाठी हार्वर्ड पुण्यातल्या एखाद्या खासगी विद्यापीठापेक्षा स्वस्त पडेल, अर्थात प्रवेश मिळाला तर. तो शंभरात चारच्या आसपास मुलांना मिळतो. म्हणून यादीत पहिल्या गटातली चार-पाच, दुसऱ्या गटातली भरपूर मदत देणारी पाच-सहा लहान कॉलेजं, आणि इथला एक पक्का पर्याय ठेवा.

मदतीच्या अर्जासाठी बहुतेक ठिकाणी लागणारा फॉर्म म्हणजे सीएसएस प्रोफाइल. तो दर वर्षी १ ऑक्टोबरला उघडतो. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. परवडत नसेल तर कॉलेजला लिहून ही फी माफ करून मागता येते. बरीच कॉलेजं माफीचा कोड देतात. रक्कम रुपयांतच भरा, डॉलर करत बसू नका. गडबड होते ती पुढच्या जागी:

शेती. सामाईक सातबारा असेल तर फक्त तुमचा हिस्सा लिहा आणि ‘विशेष परिस्थिती’च्या रकान्यात चार ओळींत समजवा: तीन एकर, तीन भाऊ, वाटणी झालेली नाही, विकता येत नाही, वर्षाला नक्त इतकं येतं. हे लिहिलं नाही तर तिकडचा अधिकारी पूर्ण जमिनीची बाजारभावाने किंमत धरतो, आणि रस्त्याकडेच्या तीन एकरांची किंमत डॉलरमध्येही डोळ्यांत भरते. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून आयकर विवरणात नाममात्र दिसतं. ते इथे खरं लिहा.

कागद. फॉर्म १६, तीन वर्षांची विवरणपत्रं, बँकेचं पगारपत्र, खात्यांचे उतारे. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडा. आजी-आजोबांचा खर्च तुम्ही उचलत असाल, एखाद्याचा औषधपाणी मोठा असेल, तर पावत्यांसह लिहा.

आणि एजंटची मुख्य करामत. व्हिसासाठी म्हणून सीए कडून मालमत्तेचं फुगवलेलं प्रमाणपत्र काढतात: घर, सोनं, काकांची जमीन, सगळं धरून ३ कोटी. कॉलेजला ४० लाख सांगायचे आणि दूतावासाला ३ कोटी. दोन्ही कागद एकाच मुलाच्या नावावर राहतात, आणि फरक लक्षात आला की मदत रद्द होते, कधी प्रवेशही. कॉलेजची पूर्ण मदत असेल तर व्हिसासाठी कॉलेज जो आय-२० फॉर्म देतं त्यावर ती रक्कम छापलेलीच असते. फुगवायची गरजच उरत नाही.

मदत कमी वाटली तर फेरविचार मागा. भावनिक पत्र नको. काय बदललं ते आकडे आणि कागदांसह एका पानात लिहा. पण ‘अर्ली डिसिजन’ने अर्ज करू नका, कारण त्यात प्रवेश मिळाल्यावर जाणं बंधनकारक असतं आणि दुसऱ्या कॉलेजची ऑफर समोर ठेवून बोलायला जागा राहत नाही.

बाहेरच्या शिष्यवृत्तींपैकी पदवीसाठी विचार करण्यासारखी म्हणजे कॉर्नेलची टाटा शिष्यवृत्ती. भारतात शिकलेल्या, गरजू मुलांसाठीच आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, तिच्यावर आत्ता विसंबू नका. अशी मदत पूर्वी संस्थानंही देत. बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांवर डॉ. आंबेडकर १९१३मध्ये कोलंबियाला गेले, ते पदव्युत्तर शिक्षणासाठीच.

सोलापूरहून एक पालक: पूर्ण मदत मिळाली आहे. आता वरून काही लागतं का?

उत्तर: लागतं. सक्तीचा आरोग्य विमा वर्षाला साधारण ४ हजार डॉलर. मदतपत्रात तो धरला आहे का ते शब्दशः तपासा. विमानभाडं काही कॉलेजं वर्षाला एकदा धरतात, काही धरतच नाहीत.

सर्वांत जास्त लोकांना झटका बसतो तो कराचा. ट्यूशनवरची शिष्यवृत्ती करमुक्त असते, पण राहण्या-जेवणाची मदत परदेशी विद्यार्थ्याचं करपात्र उत्पन्न धरतात आणि त्यावर कॉलेज १४ टक्के कापतं. समजा राहण्या-जेवणापोटी २२ हजार डॉलर मिळाले. कापले जातात ३,०८०, म्हणजे कॉलेजच्या खात्यावर तेवढं बिल येतं. आता भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ प्रमाणे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते. ही सवलत बहुतेक देशांच्या मुलांना नाही. २०२४ची वजावट १४,६०० होती. उरले ७,४००, त्यावर १० टक्के म्हणजे ७४०. बाकीचे २,३४० परत. पण परत मिळतात ते १०४०-एनआर हा परदेशी व्यक्तींसाठीचा कर विवरणाचा फॉर्म भरला तरच. त्याची मुदत १५ एप्रिल. सोबत ८८४३ फॉर्म. तो उत्पन्न शून्य असेल तरी भरायचा असतो. चूक होते ती अशी: मित्र म्हणतो म्हणून मुलं अमेरिकन नागरिकांसाठीच्या सॉफ्टवेअरमधून १०४० भरतात. तो फॉर्म चुकीचा, आणि नंतर दुरुस्त करताना नाकी नऊ येतात. कॉलेज बहुधा परदेशी मुलांसाठीचं सॉफ्टवेअर फुकट देतं. राज्याचा कर वेगळा असतो, तोही तिथेच विचारा.

पहिल्या सहा आठवड्यांसाठी हाताशी ८०० ते १,००० डॉलर असू द्या. गादीवरची चादर, उशी, दिवा, फोन, पहिली पुस्तकं यांत ते जातात. कॅम्पसवरच्या कामाचा पहिला पगार यायला तेवढा वेळ लागतोच, कारण आधी सोशल सिक्युरिटी क्रमांक काढावा लागतो.

ठाण्याहून एक विद्यार्थी: मला प्रिन्स्टनला प्रवेश मिळाला आहे. तिथल्या ईटिंग क्लबांबद्दल वाचून धास्ती वाटते. जेवायलाही निवड होते म्हणे?

उत्तर: अभिनंदन. पहिलं वर्षभर तुला याचा विचारही करायचा नाही, कारण पहिली दोन वर्षं सगळेच कॉलेजच्या भोजनगृहात जेवतात. क्लबांचा प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या वसंत सत्रात येतो. प्रॉस्पेक्ट अव्हेन्यूवर अकरा क्लब आहेत. सर्वांत जुना आयव्ही क्लब १८७९चा. काही क्लबांत नाव नोंदवलं की झालं. काहींत ‘बिकर’ असतं, म्हणजे दोन-तीन दिवस सभासदांशी गप्पा आणि खेळ, मग ते बंद दाराआड तुझ्यावर चर्चा करतात. मुलींना तर काही क्लबांनी कोर्टाने भाग पाडल्यावरच घेतलं. सॅली फ्रँक यांनी १९७९मध्ये सुरू केलेली ती लढाई १९९०च्या निकालापर्यंत चालली.

बिकरमध्ये नाकारलेली मुलं त्याचं कारण स्वतःच्या पैशात शोधतात. खरं कारण बहुतेक वेळा ओळखीचं असतं. आतले लोक आपल्या संघातल्या, आपल्या शाळेतल्या माणसासाठी बोलतात, आणि तुझ्यासाठी बोलणारं आत कुणी नसतं. म्हणजे पैसा त्यात असतोच, पण दोन पावलं मागे उभा. करून बघायचं असेल तर दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून वरच्या वर्गातल्या दोघा-तिघांशी, नाटक, प्रयोगशाळा, क्रिकेट कशातूनही, खरी ओळख असू दे. जानेवारीत ओळख काढायला गेलास तर उशीर होतो.

पैशाची काळजी इथे कमी आहे. क्लब भोजनगृहापेक्षा महाग पडतो, पण मदतीवरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांच्या जेवणाच्या भत्त्यात प्रिन्स्टन तेवढी वाढ करतं. क्लबाची वर्गणी मात्र तुझी तू भरायची असते, भत्ता फक्त तुझ्या खात्यावर येतो. तो आधीच खर्च केलास तर फेब्रुवारीत पंचाईत. पदार्थांची चव आणि खिसा दोन्ही सांभाळायचं तर सहकारी स्वयंपाकघरं बघ. ‘टू डिकिन्सन’ हे शाकाहारी आहे. पाळीने स्वयंपाक करायचा, बाकी दिवस आयतं जेवायचं. आमच्या मते मराठी पोरांसाठी अख्ख्या प्रिन्स्टनमधली ही सर्वांत चांगली जागा आहे, आणि पोहे-उसळ करता येणाऱ्याला तिथे मान असतो.

इतर कॉलेजांतले मित्र तुला फ्रॅटर्निटीबद्दल, म्हणजे निवडून सभासद घेणाऱ्या मुलांच्या संघटनांबद्दल सांगतील. तिथे एका सत्राची वर्गणी विचारून भागत नाही: प्रवेशशुल्क, टीशर्ट, पार्ट्या, दंड, घरभाडं असं सगळं धरून वर्षाचा आकडा लेखी मागायचा. रॅगिंगला तिकडे हेझिंग म्हणतात. डिसेंबर २०२४च्या कायद्याने कॉलेजांना दोषी संघटनांची नावं जाहीर करावी लागतात, ती यादी कॉलेजच्या संकेतस्थळावर पाहूनच पाऊल टाक.

न्यू जर्सीहून एक मराठी कुटुंब: माझ्या दिरांनी कोलंबियातून एमएस केलं आहे. मुलाला ‘लेगसी’चा फायदा होईल का? देणगी द्यावी का?

उत्तर: नाही, आणि नको. लेगसी म्हणजे घरचं कुणी तिथे शिकलेलं असल्याने प्रवेशात मिळणारं झुकतं माप. ते बहुतेक ठिकाणी आई-वडिलांची बघतात, काकांची नाही. त्यातही बॅचलर पदवीला महत्त्व असतं, एमएसला नाही. एमआयटी लेगसी बघत नाही, जॉन्स हॉपकिन्स आणि अ‍ॅमहर्स्टने ती बंद केली, कॅलिफोर्नियात १ सप्टेंबर २०२५पासून खासगी कॉलेजांनाही कायद्याने बंदी आहे. ज्यांना खरा फायदा होतो त्यांचं प्रमाण मात्र छोटं नाही. हार्वर्डवरच्या खटल्यात बाहेर आलेल्या आकड्यांवरून २००९ ते २०१४च्या काळात प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त मुलं खेळाडू, लेगसी, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं किंवा डीनच्या खास यादीतली होती.

पाच-दहा हजार डॉलरच्या देणगीने आभाराचं पत्र येतं. ज्या देणगीने फरक पडतो तिचे आकडे इमारतीवर नाव लागण्याइतके असतात. मधला मार्ग दाखवणारे दलाल भेटतील. २०१९मध्ये उघड झालेल्या ‘व्हर्सिटी ब्लूज’ प्रकरणात रिक सिंगरने हेच केलं, श्रीमंतांच्या मुलांना कधीही न खेळलेल्या खेळांचे खेळाडू म्हणून घुसवलं. त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, पालकही तुरुंगात गेले.

मुंबईहून एक वडील: मुलगी राष्ट्रीय पातळीवर स्क्वॉश खेळते. त्यातून अमेरिकेत शिष्यवृत्ती मिळेल असं क्लबात सांगतात.

उत्तर: शिष्यवृत्ती नव्हे, प्रवेशाला रेटा मिळेल. आयव्ही लीग खेळासाठी पैसे देत नाही. पैसे फक्त गरजेवर. पण स्क्वॉश हा त्या कॉलेजांचा घरचा खेळ आहे आणि कोचच्या शब्दाला वजन असतं. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजने १९९८ ते २०१२ सलग २५२ सामने जिंकले, ते मुख्यतः भारतासह परदेशांतून मुलं आणूनच.

वेळापत्रक असं. दहावीनंतर लगेच कोचला ईमेल: एक पान, रँकिंग, शाळेचे गुण, पूर्ण सामन्याचं न कापलेलं चित्रण. सुंदर फटक्यांची जोडाजोड कोच बघत नाहीत, गुण गमावल्यावर मुलगी काय करते ते बघतात. अकरावीत एसएटी उरकून टाका. अकरावी संपल्यावर, जुलैपासून, कोच तिची कागदपत्रं प्रवेश कार्यालयाकडून चाळून घेतो. त्याच वेळी कोचला स्पष्ट विचारा की तुमच्या राखीव जागांपैकी एक आमच्यासाठी आहे का. ‘आम्हाला ती फार आवडली’ याचा अर्थ नाही असाच धरा. १ ऑक्टोबरनंतर आयव्ही कॉलेजं ‘लाइकली लेटर’, म्हणजे प्रवेश मिळणार असं आधीच कळवणारं पत्र, देऊ शकतात, ते हातात येईपर्यंत दुसऱ्या कोचला नाही म्हणू नका. मदत हवी असेल तर कोचकडून अंदाज मागवून घ्या. तोंडी नाही, मदत कार्यालयाचा लेखी.

मडगावहून एक विद्यार्थिनी, आता बॉस्टनजवळ दुसऱ्या वर्षाला: मैत्रिणी स्कीईंगला जातात, दर शुक्रवारी ४० डॉलरचं जेवण. मी कारणं सांगून थकले.

उत्तर: कारण सांगूच नकोस. “महिन्याचं बजेट संपलंय, जेवणानंतर येते” हे सरळ वाक्य तिथे चालतं आणि कुणाला खटकत नाही. खटकतं ते जेवून झाल्यावर पैशावरून कुरकुरणं. बिल समान वाटलं जाणार हे गृहीत धरून ऑर्डर दे, नाहीतर बसल्या बसल्याच वेटरला वेगळं बिल सांग. महिन्यातून एकदा तू बोलाव. खोलीवरच्या स्वयंपाकघरात फिश करी-भात सहा जणींना तीसेक डॉलरमध्ये होतो.

समाजशास्त्रज्ञ अँथनी जॅक यांनी अशा कॉलेजांत केलेल्या अभ्यासात एक साधी गोष्ट पुढे आणली: वसंताच्या सुट्टीत भोजनगृह बंद झालं की घरी न जाऊ शकणारी मुलं अक्षरशः उपाशी राहत. तेव्हापासून बऱ्याच कॉलेजांनी सोय केली आहे, पण ती बहुतेकदा नाव नोंदवणाऱ्यालाच मिळते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात डीनच्या कार्यालयात विचार. डिसेंबरात वसतिगृह उघडं राहण्यासाठीही असाच आधी अर्ज लागतो. त्यांचंच दुसरं निरीक्षण आणखी उपयोगाचं आहे: गरीब घरची पण प्रेप स्कूलमधून आलेली मुलं प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना बिनधास्त जातात, साध्या शाळेतून आलेली जात नाहीत. आपल्याकडे सरांकडे जायचं ते काही चुकलं की. तिथे दोन प्रश्न लिहून घेऊन पंधरा मिनिटं जायचं, पहिल्या तीन आठवड्यांतच. शिफारसपत्रं आणि उन्हाळ्यातली प्रयोगशाळेची कामं तिथूनच निघतात.

काम आठवड्याला २० तासांपर्यंत, फक्त कॅम्पसवर. आम्ही १० सुचवू. मॅसॅच्युसेट्सचं किमान वेतन तासाला १५ डॉलर, तीस आठवड्यांचे ४,५०० होतात. ग्रंथालयाचं टेबल पकड, तिथे अभ्यासही होतो. पुस्तकं विकत घेण्याआधी ग्रंथालयाच्या राखीव कपाटात बघ. आणि उन्हाळ्यासाठी बिनपगारी इंटर्नशिप स्वीकारण्याआधी दोन कामं कर. परदेशी विद्यार्थी कार्यालयात जाऊन सीपीटी (शिक्षणाचा भाग म्हणून कॅम्पसबाहेर काम करण्याची) परवानगी लागेल का ते लेखी घे, कारण पगार नसला तरी कॅम्पसबाहेरचं काम नियमात बसवावं लागतं. आणि करिअर सेंटरकडे उन्हाळी अनुदान माग, त्याच्या अर्जाची मुदत बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्येच संपते. इंटर्नशिप मिळाल्यावर अर्ज करू म्हणून थांबलीस तर ती हुकेल. अर्ज ‘ठिकाण अजून ठरलेलं नाही’ असं लिहूनही करता येतो का ते विचार, अनेक ठिकाणी येतो.